युरेनियमच्या कारखान्यात काम केल्याने पुढे काय त्रास होतो?

भाऊ कोल्हापूर सोडून झारखंडमधल्या जादूगुडाच्या युरेनियम मिलमध्ये चाललाय, म्हणून विचारलंत. अंगावर पडणाऱ्या किरणांपेक्षा श्वासातून आत जाणारी धूळ जास्त वाईट. आपल्या शिरोलीच्या फौंड्रीतल्या सिलिकाच्या (वाळूच्या) धुळीसारखंच, वर्षं उलटल्यावर कळतं. युरेनियममधून निघणारे अल्फा कण (एक प्रकारचा किरणोत्सार) कातडी भेदत नाहीत, पण धूळ फुप्फुसात अडकली की तिथल्या पेशींवर मारा सुरू. खाणीत युरेनियमपासूनच तयार होणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची भर. त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. सिगारेट ओढत असेल तर आधी ती सोडायला लावा! शिवाय युरेनियम हा जड धातू, मूत्रपिंडाला बाधतो. भारतात कामगारासाठी किरणांच्या डोसची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (हा डोस मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३०. डोसची नोंद, लघवी तपासणीचे रिपोर्ट यांची झेरॉक्स घरी ठेवा.