पाकीट खरंच विमानातून गेलं का?
पहिल्या उड्डाणांच्या कव्हरांविषयी वाचकांचे प्रश्न

पहिल्या उड्डाणाच्या टपालाबद्दल, म्हणजे संग्राहक ज्यांना 'फर्स्ट फ्लाइट कव्हर' म्हणतात त्या पाकिटांबद्दल, आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलं. त्यावर एअर इंडिया इंटरनॅशनलचं बारा आण्यांचं निळं-काळं टपाल तिकीट आहे आणि तिकिटावरच '८ जून १९४८, फर्स्ट फ्लाइट' असं इंग्रजीत छापलंय. पोस्टाचा शिक्का मात्र २९ मे १९४८ चा. शिक्का मारताना चूक झाली असेल का? अशा पाकिटाला काय किंमत येते?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : चूक कुणाचीच नाही. तिकीट विक्रीला आलं २९ मे १९४८ रोजी आणि विमान उडालं ८ जूनला. उड्डाणाची तारीख तिकिटावरच असल्याने भलेभले फसतात, आणि काही विक्रेते हा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नाहीत. तुमच्याकडे आहे ते 'फर्स्ट डे कव्हर', म्हणजे तिकिटाच्या पहिल्या दिवसाचं पाकीट. पत्ता कोल्हापूरचा असेल तर त्याचा विमानाशी काही संबंध नाही.

८ जूनच्या उड्डाणाचा मार्ग मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन असा होता. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते लंडनला १० जूनला पोचलं. म्हणून या उड्डाणाच्या पाकिटावर मुंबईचा ८ जूनचा किंवा त्याच्या लगेच आधीचा शिक्का हवा, पत्ता मार्गावरच्या शहराचा किंवा त्याच्या पलीकडचा हवा, आणि पाठीमागे पोचल्याचा शिक्का असेल तर तारीख या वेळापत्रकात बसायला हवी. लंडनचा शिक्का ९ जूनचा दिसला तर पाकीट खाली ठेवा. शिक्का नाहीच, म्हणून मात्र लगेच नाकारू नका. ब्रिटिश टपालखातं साध्या पत्रांवर पोचल्याचा शिक्का सहसा मारत नसे, रजिस्टर केलेल्या पत्रांवर मारत असे. म्हणून रजिस्टर पाकिटाला जास्त मागणी असते.

समोरच्या बाजूला विमानाचं चित्र किंवा 'फर्स्ट फ्लाइट' अशी अक्षरं असतात, त्याला कॅशे म्हणतात. तो विमान कंपनीचा असू शकतो, एखाद्या तिकीटसंग्राहक मंडळाचा असू शकतो, किंवा लिफाफा छापणाऱ्याने हौसेने टाकलेला असू शकतो. पाकीट कधी, कुठून निघालं आणि कुठे पोचलं हे फक्त पोस्टाचा शिक्का सांगतो. कॅशे कितीही देखणा असला तरी तो पुरावा नव्हे. पैसे मोजायचे ते शिक्क्यांचे.

किमतीचं म्हणाल तर फर्स्ट डे कव्हर म्हणूनही तुमच्या पाकिटाला गिऱ्हाईक आहे. तिकीट सोडवायला पाकीट पाण्यात घालू नका, एवढं पाळा. भिजवून काढलेलं सुटं तिकीट आणि शिक्क्यासकट अख्खं पाकीट यांच्या भावात फार अंतर असतं.

प्रश्न : टाटांच्या हवाई टपालसेवेच्या पहिल्या, १५ ऑक्टोबर १९३२ च्या कराची–मद्रास उड्डाणाचं पाकीट मला विकत मिळतंय. विक्रेता 'खात्रीचं' म्हणतो. खात्री आपली आपण कशी करायची?
— वाचक, पुणे

उत्तर : आधी घटनाक्रम पक्का करा, कारण बनावट पाकिटं बहुधा त्यातच अडकतात. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ जातीचं छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. पुढचा टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. बेल्लारीला रात्रीचा मुक्काम झाला आणि टपाल १६ तारखेला मद्रासला पोचलं. म्हणजे मद्रासचा १५ तारखेचा शिक्का अशक्य. टपालाचं वजन सुमारे ५५ पौंड होतं. एक पत्र दहा ग्रॅमचं धरलं तरी संख्या अडीच हजारांच्या घरात जाते. तेव्हा 'जगात दोनच उरलीत' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता प्रत्यक्ष पाकीट. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी एवढी सामग्री पुरते. आधी भिंगातून शिक्क्याची कड बघा. तिकिटावरून कागदावर उतरताना शिक्क्याची रेघ सलग हवी. ती तिकिटाच्या दातांशीच थांबत असेल, किंवा दोन्ही बाजूंच्या रेघा केसभर सरकलेल्या असतील, तर ते तिकीट दुसरीकडचं आणून चिकटवलंय. कॅशे रंगीत ठिपक्यांच्या जाळीतून बनलेला दिसला तर तो अलीकडच्या प्रिंटरमधून निघालाय. रबरी शिक्क्याची शाई कागदाच्या धाग्यांत मुरते आणि कडेला किंचित दाटते.

मग खोली अंधारी करून विजेरी मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली. १९३२ चा म्हणवणारा लिफाफा निळसर-पांढरा लखलखला तर तो त्या काळचा नाही. जुना कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. हीच विजेरी पुसून काढलेला पत्ता आणि डिंकाने केलेली डागडुजीही उघडी पाडते.

पत्ता नीट वाचणंही आलंच. बॉलपेन बाजारात आलं ते चाळीसच्या दशकात. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. '१९३२' च्या पाकिटावर सहा आकडी पिनकोड पाहूनही लोक पैसे मोजतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणखी एक घोटाळा होतो. या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, टाटांनी वयाच्या ७८ व्या वर्षी लेपर्ड मॉथ जातीच्या छोट्या विमानातून कराची–मुंबई प्रवास पुन्हा केला. त्या निमित्ताने निघालेल्या पाकिटांवरही तारीख १५ ऑक्टोबरचीच असते. फोटोत साल अर्धवट दिसत असेल तर मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागवा.

याच उड्डाणाची उपेक्षित पाकिटं मात्र शोधण्यासारखी आहेत. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडनहून कराचीला आलेलं टपाल पुढे दक्षिणेकडे नेणं हा या सेवेचा मूळ हेतू. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधून हवाई टपालाने मद्रासला पाठवलेलं एखादं साधं व्यापारी पत्र, ज्यावर ना कॅशे ना विमानाचं चित्र, पण पाठीवर मद्रासचा १६ किंवा १७ तारखेचा शिक्का, तेही याच थैलीतून आलेलं असू शकतं. जुन्या कागदांच्या ढिगात अशी पत्रं किरकोळीत निघतात, कारण ढीग विकणाऱ्याने पाठ बघितलेलीच नसते. आमच्या मते हौशी पाकिटापेक्षा असं पत्र सरस. ते कुणी संग्रहासाठी बनवलेलं नसतं.

प्रश्न : १९२९ ची विमान असलेली हवाई टपालाची तिकिटं लावलेलं पाकीट म्हणजे लंडन–कराची सेवेच्या पहिल्या फेरीचंच ना?
— वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून पहिली फेरी निघाली ३० मार्च १९२९ ला आणि कराचीहून परतीची ७ एप्रिलला. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली दोन ते बारा आण्यांची ती सहा तिकिटं आली ऑक्टोबरमध्ये. एप्रिलच्या परतीच्या पाकिटावर त्या वेळची नेहमीचीच पंचम जॉर्जची तिकिटं हवीत. ३० डिसेंबर १९२९ ला सुरू झालेल्या कराची–दिल्ली टप्प्याच्या पाकिटांवर मात्र ही विमानाची तिकिटं शोभतात. त्यातलं आठ आण्यांचं असेल तर चित्रातल्या झाडाचा शेंडा भिंगातून बघून घ्या. शेंडा न छापलेला प्रकार कॅटलॉगात वेगळा नोंदलेला आहे.

प्रश्न : नवी मुंबईहून नव्या मार्गावर विमान सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवसाचं पाकीट स्वतः तयार करायचं आहे. काय करावं लागेल?
— वाचक, पनवेल

उत्तर : पहिली अडचण समजून घ्या. तुमचं पत्र त्याच विमानात चढेल याची हमी पोस्टाच्या खिडकीवर कुणी देऊ शकत नाही. कोणतं टपाल कोणत्या विमानाने जाणार हे टपालखातं आणि विमान कंपन्या यांच्यातल्या व्यवस्थेवर ठरतं, आणि नव्या मार्गावर पहिल्या दिवसापासून टपाल असतंच असं नाही. म्हणून आधी विमान कंपनीकडे आणि टपालखात्याच्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) विभागाकडे चौकशी करा : अधिकृत विशेष आवरण, म्हणजे त्या प्रसंगासाठी काढलेलं पाकीट, निघणार आहे का, आणि ते विमानातून नेलं जाणार आहे का. असेल तर तोच रस्ता धरा. एखाद्या मंडळाला असं आवरण काढायचं असेल तर टपालखात्याची पूर्वपरवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो.

अधिकृत काही नसेल तर हौशी पाकीट करता येतं. साधा १६२ बाय ११४ मिलिमीटरचा, शंभर जीएसएम (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) कागदाचा लिफाफा घ्या. आत तीनशे जीएसएमचं कार्ड सरकवा. कार्डामुळे शिक्का उठावदार बसतो आणि पाकीट दुमडत नाही. दोन्ही मिळून वजन दहा ग्रॅमच्या आत राहतं, त्यामुळे परदेशी पत्राच्या २० ग्रॅमच्या मर्यादेला धक्का लागत नाही. वरच्या कडेपासून ४० आणि उजव्या कडेपासून ७४ मिलिमीटरचा कोपरा तिकिटांसाठी आणि शिक्क्यासाठी मोकळा ठेवा, तिथे चित्र छापू नका. तिकीट कडेला अगदी टेकवू नका, पाच-सहा मिलिमीटर आत लावा. नाहीतर शिक्का अर्धा पाकिटावर आणि अर्धा टेबलावर उमटतो.

उड्डाणाच्या दिवशी पेटीत टाकण्यापेक्षा खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून मागा. गर्दीची वेळ टाळा, कार्ड दाखवा, 'संग्रहासाठी आहे, तारीख वाचता येईल असा मारा' म्हणून सांगा. बहुतेक कर्मचारी हौसेने मारतात. पत्ता त्या गावच्या मित्राचा घाला. देशांतर्गत पत्र असेल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. साध्या पत्रावर पोचल्याचा शिक्का मिळेलच असं नाही, स्पीड पोस्टात निदान तारखांची नोंद राहते. बारकोडचं लेबल डावीकडे खाली लावायला सांगा. तीन-चार प्रती करा. एखादी तरी शाईने बरबटतेच.

दुसरा पर्याय म्हणजे त्या विमानाने जाणाऱ्या प्रवाशाजवळ पाकीट द्यायचं. निघताना एका तिकिटावर इथला शिक्का, उतरल्यावर दुसऱ्या तिकिटावर तिथला. हेही संग्राह्य आहे, पण ते 'प्रवाशाने नेलेलं' पाकीट झालं, हवाई टपाल नव्हे. मागे पेन्सिलीने तसं लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पाकिटांवर तपकिरी ठिपके येतात. डांबराच्या गोळ्या ठेवू का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, वास कागदात भिनतो आणि काही प्लास्टिकं त्या वाफेने चिकट होतात. ठिपक्यांचं मूळ दमटपणात आहे. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर बुरशी धरत नाही. कोकणात हे उघड्या कपाटात अशक्य, म्हणून रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला ५०-६० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. ते पाकिटांना न टेकता कापडी पुरचुंडीत ठेवा, आणि डब्यात दीडशे-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक टाका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी. श्रावणात भरलात तर ओलावा आत कोंडला जाईल.

पाकिटांना पॉलिएस्टरचे स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक पिशव्या, वापरा. स्वस्त पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत तेलकट होतात आणि तिकिटाचा रंग ओढतात. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. हा प्रयोग खिडकीजवळ करा, धूर हुंगू नका.

बुरशी आलीच असेल तर पाकीट आधी पंख्याखाली सावलीत वाळवा, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने अंगणात झटका. ओल्या बोळ्याने पुसलंत तर जांभळ्या-गुलाबी कॅशेची शाई पसरेल. सेलोटेप, स्टेपलरची पिन आणि लॅमिनेशन या तिन्ही गोष्टींना पाकिटाजवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न : खिसा लहान आहे. महाराष्ट्राशी नातं असलेला, स्वस्तात जमवता येईल असा विषय सुचवा.
— वाचक, अकोला

उत्तर : तुमच्या विदर्भातलाच घ्या : नागपूरचं रात्रीचं टपाल. ३० जानेवारी १९४९ ला ही सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं परतत. पहिल्या रात्रीच्या पाकिटांसोबत पुढच्या वर्षांतली रोजची व्यापारी पत्रं जमवा. निघाल्याचा आणि पोचल्याचा शिक्का यांत फक्त एका रात्रीचं अंतर दिसलं की मजा येते. जोडीला टाटांच्या सुरुवातीच्या सेवेतली पावसाळी पत्रं बघा. जुहूचं मैदान पाण्याखाली जाई तेव्हा विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर उतरत. जून ते सप्टेंबरमधल्या पत्रांचे शिक्के त्या दृष्टीने तपासायला हवेत.

प्रश्न : १९५० चं, पाण्याने डागाळलेलं, तिकीट गळून पडलेलं एक पाकीट आहे. त्यावर 'विमान अपघातामुळे उशीर' अशा अर्थाचा फ्रेंच शिक्का आहे. साफ करून घेऊ का?
— वाचक, मडगाव

उत्तर : हात लावू नका. मुंबईहून निघालेलं 'मलबार प्रिन्सेस', म्हणजे वर आलेलं १९४८ चं तेच विमान, ३ नोव्हेंबर १९५० ला फ्रान्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्यात ४८ जण गेले. सापडलेल्या टपालावर असा शिक्का मारून ते पुढे पाठवलं गेलं. तुमच्या पाकिटावरचा भारतातला शिक्का ऑक्टोबरअखेरचा किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतला आणि पत्ता युरोपातला असेल तर ते त्यातलं असण्याची शक्यता चांगली आहे. इथे डाग आणि गळलेलं तिकीट हे दोष धरत नाहीत, उलट साफसूफ केलेलं किंवा नवं तिकीट लावलेलं पाकीटच संशयाचं ठरतं. ते सपाट ठेवा, मागचे-पुढचे फोटो काढा आणि विकायचा विचार असेल तर आधी तज्ज्ञांकडून प्रमाणपत्र घ्या.