हसणे जास्त, घाम कमी?

प्रश्न : माझा मुलगा जळगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी तो एका जिममध्ये शिकाऊ ट्रेनर म्हणून जातो आणि पुढे पर्सनल ट्रेनरच व्हायचे, असे म्हणतो. जिमचे मालक मात्र मला म्हणाले, "त्याच्या बॅचला हसणे जास्त, घाम कमी, पोरगा फार मऊ आहे." मी तरुणपणी आखाड्यात उतरलेला माणूस. वस्तादांचा धाक नसता तर अंग कमावले नसते. असा स्वभाव या व्यवसायात टिकेल का?
— एक केळी उत्पादक पालक, रावेर तालुका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या वस्तादांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की, आखाडा आणि जिम यांत येणारा माणूसच वेगळा असतो. आपण धाक सोसला, कारण यात्रेतली कुस्ती मारायची होती आणि गावाचे लक्ष आपल्यावर होते. मुलाकडे येणारी पंचेचाळिशीची शिक्षिका डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले म्हणून आलेली असते. तिने उद्यापासून येणे बंद केले तर तिला कोणीही जाब विचारणार नाही. म्हणूनच तिला परवा पुन्हा यावेसे वाटणे हा ट्रेनरच्या कामाचा निम्मा भाग आहे, आणि ज्याला आपण मऊपणा म्हणता तो बहुधा याच कामाला लागणारा गुण आहे.

याला शास्त्राचाही आधार आहे. श्रम मोजण्यासाठी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अशी मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात व्यायाम करणाऱ्याने 'किती जोर लागतो आहे' ते सांगायचे असते. पुढे १९८९ मध्ये हार्डी आणि रेजेस्की या संशोधकांनी दुसरी पट्टी मांडली, ती उणे ५ ते अधिक ५ अशी, आणि तिचा प्रश्न 'या क्षणी कसे वाटते आहे' एवढाच. दोन्ही उत्तरे एकच असतात असे नाही. साधारणपणे, बोलता बोलता व्यायाम करता येतो तोवर बहुतेकांना तो सुखावह वाटतो. धाप लागून वाक्य तुटू लागले की जवळजवळ प्रत्येकाचे सुख उतरू लागते. सवय नसलेल्या, वजन वाढलेल्या व्यक्तीची ही सीमा नुसत्या भरभर चालण्यानेही ओलांडली जाते, आणि धडधाकट ट्रेनरला ते कळतसुद्धा नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना असेल, तर ती आणखी लवकर गाठली जाते.

शेवट कसा होतो, यालाही फार महत्त्व आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोर सुरुवातीला जास्त ठेवून पुढे हळूहळू कमी करत नेला, तेव्हा लोकांना तोच व्यायाम नंतर अधिक आनंददायक म्हणून आठवला. चढत्या क्रमाने केलेला तितका नाही. अनेक जिममध्ये याच्या नेमके उलट चालते : उरलीसुरली ताकद शेवटच्या पाच मिनिटांत पिळून काढायची आणि माणसाला लटपटत घरी पाठवायचे. मी स्वतः एका जिममधून बाराव्या दिवशी पळालो तो दुखण्यामुळे नव्हे. तिथे दर सोमवारी सर्वांसमोर वजनाचा आकडा मोठ्याने वाचला जाई, म्हणून.

चैत्रात खान्देशातून वणीच्या सप्तशृंगीला पायी निघणारी माणसे आपण पाहिली असतीलच. ट्रेडमिलवर वीस मिनिटांत घड्याळाकडे बघणारी बाई त्या उन्हात दिवसचे दिवस चालते, कारण जाण्याचे तिने स्वतः ठरवलेले असते, रोज थोडे अंतर कापल्याचे समाधान असते आणि सोबतीला देवीची गाणी म्हणणाऱ्या बायका असतात. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी टिकाऊ प्रेरणेसाठी सांगितलेल्या तीन गरजा नेमक्या ह्याच : स्वतःची निवड, जमत असल्याची जाणीव आणि आपलेपणा.

आता मालकांची बाजू. ते सर्वस्वी चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. विनोद सांगून तास रंगवणे वेगळे आणि व्यायामात गोडी निर्माण करणे वेगळे. बॅच हसते आहे, पण सहा आठवड्यांपूर्वी पाच किलो उचलणारी व्यक्ती आजही पाचच उचलत असेल, तर मुलगा आवडता आहे, ट्रेनर नाही. जमू लागल्याचा आनंद वजन वाढवल्याशिवाय मिळत नाही. 'दुखते आहे' म्हणणाऱ्याला नुसता ताण आला आहे की सांध्याला इजा होते आहे, हे ओळखण्यासाठीही प्रेमळपणा पुरत नाही, शरीररचना यावी लागते.

म्हणून त्याने पदवी पूर्ण करावी. शाळेत क्रीडाशिक्षक होण्याचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा बी.पी.एड. आहे, त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी आणि मैदानी चाचणी द्यावी लागते. केवळ पर्सनल ट्रेनिंगच करायचे असेल, तर अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे आणि हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे, म्हणजे सीपीआरचे, प्रशिक्षण झालेले हवे. ते प्रशिक्षण त्याने लगेच उरकावे. पगाराविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो : या धंद्यात मिळकत बहुतांशी किती ग्राहक पुन्हा फी भरतात यावर उभी असते, त्यामुळे त्याच्या बॅचमधले किती जण तीन महिन्यांनंतरही येतात, हे मालकांना एकदा विचारून पाहा.

मुलाला एक वही घेऊन द्या. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे त्याने तीन गोष्टी लिहाव्यात : उचललेले वजन, जोराचा आकडा आणि 'कसे वाटते'चा आकडा. दिवाळीनंतर ती वही घेऊन दोघेही माझ्याकडे या.