३ महिने आयर्न सिरप देऊनही मुलाचं हिमोग्लोबिन ९.८ च्या वर जात नाहीये, डॉक्टर आता इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करा म्हणतात, खरंच गरज आहे का?

हो, करून घ्या. आणि त्याआधी जुना सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट काढून आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, बघा, आमच्या वेळी तो आकडा सहा महिने डोळ्यासमोर होता पण कुणी बघितलाच नाही.

लेक ३ वर्षांची, एचबी (हिमोग्लोबिन) १०.१, रोज पळापळ करून सिरप पाजायचो, शी काळीकुट्ट, पुढचे दात काळपट आणि एचबी काही जागचं हलेना. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनाने दोन गोल केले, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६१ आणि आरबीसी ५.६, म्हणाल्या पहिल्याला दुसऱ्याने भागा. १०.९ आलं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणारा सौम्य रक्तदोष) संशय, वर गेलं तर बहुतेक आयर्नच कमी. कारण आयर्न कमी पडलं की लाल पेशी लहानही होतात आणि कमीही होतात, मायनरमध्ये लहान होतात पण संख्या भरपूर असते. अर्थात हा नुसता अंदाज हां, निदान टेस्टनेच होतं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये तिचं एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.२ टक्के आलं, ३.५ च्या वर म्हणजे बीटा मायनर. यात ग्लोबिन नावाचं प्रोटीनच जन्मापासून कमी बनतं, मग वरून लोह कितीही ओता, उपयोग काय?

पण म्हणून सिरप मनानेच बंद करू नका, एकाच मुलाला दोन्ही असू शकतं. शिवाय आयर्न फार कमी असेल तर एचबीए२ खोटंच नॉर्मल दिसतं, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) सोबतच करा. मध्ये रक्त चढवलं असेल तर तेही लॅबला आधी सांगा, रिपोर्ट गंडतो. थॅलेसेमियाचा दुसरा प्रकार, अल्फा, तर या टेस्टमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. आणि रिपोर्टमध्ये नुसतं सिकल ट्रेट (सिकल सेल आजाराचं जनुक फक्त एका पालकाकडून आलेलं) आलं तर अॅनिमियाचं खापर त्यावर फोडू नका, ट्रेटमुळे सहसा एचबी कमी होत नाही, कारण दुसरीकडे शोधायला लागेल.

लेकीनंतर आम्हा दोघांची टेस्ट केली. मायनर मी निघाले, कॉलेजपासून अशक्तपणाच्या गोळ्या खात होते ती मी! नवऱ्याचा रिपोर्ट येईपर्यंत मात्र झोप नव्हती, कारण दोघंही मायनर असते तर दर गरोदरपणात बाळ मेजर (थॅलेसेमियाचा गंभीर प्रकार) असण्याची शक्यता २५ टक्के. त्याचा नॉर्मल आला. तुम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत असाल तर दोघांची टेस्ट आत्ताच उरका.