बारावी कॉमर्स, सीए की ॲनिमेशन?

ताई,

मुलगी बारावी कॉमर्सला आहे, तुमच्या मनात सीए पक्कं आहे आणि 'किरिकू' हा ॲनिमेशनपट पाहिल्यापासून ती ॲनिमेशनचा हट्ट धरून बसली आहे. "आफ्रिकेतल्या गोष्टींवर कार्टून काढून पोट भरतं का?" असं तुम्ही विचारलंय.

लगेच भरत नाही. 'किरिकू'चा फ्रेंच दिग्दर्शक मिशेल ओसलो याचं बालपण गिनीतल्या कोनाक्रीत गेलं. हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९८ साली आला, तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. त्याआधी हाताशी पैसा नसल्याने कागदी आकृत्या कापून त्याने छोट्या फिल्म केल्या. लेकीला हे माहीत असू द्या.

पण तिची नजर चांगली आहे. आईच्या पोटातूनच बोलणारं पोर ओसलोने पश्चिम आफ्रिकेतल्या लोककथेतून उचललं. पुढे मात्र त्याने किरिकूला एकच गोष्ट विचारत फिरवलं: कराबा चेटकीण एवढी दुष्ट का? गावात कोणालाच सांगता येत नाही. डोंगरातले आजोबा सांगतात, तिच्या पाठीत विषारी काटा रुतवलाय. पोरगं तो दातांनी उपटतं. जुन्या कथेत असा 'का' शोधणं हेच खरं काम. सॉफ्टवेअर काय, शिकता येतं.

आता प्रवेशाचं. मुंबई आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा असते आणि तिथे कॉमर्सवाल्यांनाही दार उघडं आहे. तीत हाताने चित्र काढायचा भागही असतो. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन हा स्वतंत्र विषय आहे. नोकरीची हमी देऊन लाखोंची फी मागणाऱ्या क्लासपासून मात्र चार हात लांब राहा. आणि आपल्याकडच्या स्टुडिओंत बरंचसं काम परदेशी कंपन्यांचं असतं; सुरुवातीची वर्षं दुसऱ्याच्या गोष्टीत हात चालवण्यात जातात, हेही तिला आधीच कळलेलं बरं.

तूर्त तिला एक काम द्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वीस चौकटींत काढायला सांगा, संवाद न लिहिता. वाघ भोपळा अडवतो ती चौकट नीट बघा: आत म्हातारी दिसत नसताना तिची भीती कशी दाखवलीय? सहाव्या चौकटीलाच कंटाळली, तर सीएचा विषय पुन्हा काढा. रात्र जागून पुरी केली, तर ऑक्टोबरच्या सुमारास यूसीडचे अर्ज निघतात, तो भरा. परीक्षा जानेवारीत असते. तोवर सीए फाउंडेशनची, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेची, नोंदणी थांबली तरी काही बिघडत नाही.