सैनिकांचा ‘क्लिक’ म्हणजे किती अंतर?

व्हिएतनाम युद्धावरच्या एका इंग्रजी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करताना ‘थ्री क्लिक्स नॉर्थ’ असं वाक्य आलं. हा क्लिक म्हणजे मैल की किलोमीटर, आणि शब्द आला कुठून, असा प्रश्न आहे.

एक क्लिक म्हणजे एक किलोमीटर. घोटाळा होतो तो बोलणारा अमेरिकन असल्यामुळे. तो घरी मैलातच मोजतो, पण त्याचं सैन्य तसं मोजत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढताना त्यांचा मीटर-किलोमीटरशी संबंध आला आणि १९५७ साली लष्कराने मेट्रिक पद्धत रीतसर स्वीकारली. लष्करी नकाशावरच्या चौकटीही सहसा एक किलोमीटर बाजूच्या असतात. चौकटी मोजल्या की क्लिक मोजून झाले. हा शब्द व्हिएतनामच्या काळात, म्हणजे १९६०च्या दशकात, सर्वतोमुखी झाला.

आता व्युत्पत्ती. कोश सरळ ‘मूळ अज्ञात’ म्हणतात, म्हणून कथांना ऊत आला आहे. एक कथा रायफलच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या भागाची: ती फिरवताना ‘टिक’ असा आवाज होतो, तो एक क्लिक. पण त्या एका क्लिकने शंभर मीटरवर नेम सरकतो जेमतेम काही सेंटिमीटर. त्याचा किलोमीटर कसा होणार? दुसरी कथा ऑस्ट्रेलियन सैनिकांची. दर शंभर मीटरला रायफलचा गॅस रेग्युलेटर (गॅसचा दाब कमीजास्त करणारा फिरता भाग) एक खाच फिरवायचा, दहा खाचा झाल्या की तो परत मागे आणायचा, आणि त्या आवाजावरून म्हणे हा शब्द. ही निदान पावलं मोजण्याच्या रिवाजाशी जुळते, पण मला ती शब्द रूढ झाल्यावर रचलेली वाटते.

तो रिवाज मात्र खराच आहे. शंभर मीटरला आपलं डावं पाऊल किती वेळा पडतं, हा आकडा सैनिकाला पाठ असतो, साधारण साठ-पासष्ट. चढावर तो वाढतो. हिशेबासाठी दोरीत ओवलेले मणी असतात: खाली नऊ, वर चार. दर शंभर मीटरला खालचा एक मणी ओढायचा. नऊही ओढून झाल्यावर पुढच्या शंभराला वरचा एक ओढायचा आणि खालचे नऊ परत जागेवर सारायचे. वरचा एक मणी म्हणजे एक क्लिक.

वायरलेसवर ‘किलोमीटर’ हा शब्द लांबलचक, आणि नुसतं ‘किलो’ म्हणायची सोय नाही, कारण लष्करी वर्णमालेत, म्हणजे अक्षरं नीट ऐकू यावीत म्हणून त्यांना दिलेल्या नावांत, ‘के’ या अक्षराचं नावच ‘किलो’ आहे. (आपल्याकडेही ‘दोन किलो’ म्हटलं की कांदेच आठवतात.) इंग्रजीत काहीजण हा शब्द मुद्दाम ‘के’ने सुरू करतात, म्हणजे बटणाच्या क्लिकपासून तो वेगळा दिसतो. देवनागरीत ती सोय नाही, तेव्हा उपशीर्षकात बिनदिक्कत ‘उत्तरेला तीन किलोमीटर’ लिहा.

त्याच संवादांत ‘माइक’ आला तर जास्त जपा. ‘एम’चं नाव माइक. ‘फाइव्ह माइक्स’ ऐकून पाच मैल लिहायचा मोह होतो, पण बहुतेक वेळा ती पाच मिनिटं असतात, क्वचित मीटर. ‘फॉर्टी माइक-माइक’ म्हणजे चाळीस मिलिमीटर, तेही ग्रेनेडच्या मापासाठी. वैमानिकांची तर वेगळीच तऱ्हा: ‘एंजल्स फिफ्टीन’ म्हणजे पंधरा हजार फूट उंची. ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाची देणगी.

आणि बोलणारा कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा साधा मोटारवाला असेल, तर ‘हंड्रेड क्लिक्स’ हा बहुधा वेग असतो. ‘ताशी’ त्यात गृहीत धरलेलं असतं, मराठीत मात्र ते लिहावं लागेल.