परीक्षेत गुण मिळतात, पण शोधनिबंध लिहायला बसलो की एक परिच्छेदही जमत नाही. अकॅडमिक लेखन कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आहात, ‘ग्रामसभेतील महिलांचा सहभाग’ हा विषय घेतलाय आणि तीन आठवडे प्रस्तावनेतच अडकून पडलाय. मी याच विषयात एम.ए. केलं, आता नागपुरातच शिकवते, आणि दरवर्षी वर्गातली हुशार मुलं नेमकी इथेच अडताना बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परीक्षेत आपण व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, समारोप असा साचा भरतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपण ते आठवून लिहितो. तीच सवय घेऊन निबंधाला बसलं की हात थांबतो, कारण आठवायला काही नसतंच. तिथे तुमच्याकडे एक प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर तुम्हालाही अजून माहीत नाही.

माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं वाक्य होतं, ‘विदर्भावर कायमच अन्याय झाला आहे.’ सरांनी समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले : ‘कशावरून? कोणाच्या मते? कधीपासून?’ पुढची चाळीस पानं त्यांनी उघडलीच नाहीत. मला फार वाईट वाटलं. लहानपणापासून घरात, बसमध्ये, चहाच्या टपरीवर ऐकलेलं ते वाक्य मला सूर्यप्रकाशाइतकं उघड वाटत होतं. पण उत्तर शोधायला बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे एकाही ‘कशावरून’चं उत्तर नव्हतं.

मग मूळ कागद वाचले. मराठी भाषिकांच्या एका राज्यासाठी विदर्भासह सगळ्या भागांतल्या नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार : निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं, वगैरे कलमं. नंतर राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल. त्यात अनुशेष मोजायची एक ठरावीक रीत आहे. रस्ते, सिंचन, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, ते बघायचं. हे वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन गोष्टी सुट्या झाल्या. सरासरीपेक्षा मागे असणं म्हणजे अनुशेष, तो आकड्यांनी दाखवता येतो. अन्याय म्हणायचं तर कोणीतरी दिलेला शब्द दाखवावा लागतो आणि तो पाळला नाही हेही दाखवावं लागतं. दोन वेगळे दावे, दोन वेगळे पुरावे. मी ते एकाच वाक्यात कोंबले होते. नवी सुरुवात अशी झाली : ‘नागपूर करारात निधीवाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे ठरले होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष मोजला. या दोहोंचा संबंध केवळ सिंचनापुरता तपासणे, हा या अभ्यासाचा हेतू आहे.’ वाक्य साधंच आहे, पण त्यातल्या प्रत्येक शब्दावर मी उभी राहू शकत होते.

लेखनाचं बरंचसं काम वाचतानाच होतं, म्हणून वही नीट ठेवा. मी पानाच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे लेखकाचं म्हणणं, पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांकासह; जसंच्या तसं उतरवलेलं असेल तर अवतरण चिन्हात. उजवीकडे त्यावर मला काय वाटलं ते. हे वाचताना कंटाळवाणं होतं, मान्य आहे. पण दोन महिन्यांनी वही उघडाल तेव्हा कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे दुसऱ्या कशानेही कळणार नाही. अनेक मुलांकडून वाङ्मयचौर्य चोरीच्या हेतूने होत नाही, अशी वही न ठेवल्यामुळे होतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून मुलं दहा टक्क्यांच्या आत बसवायला शब्द बदलत बसतात. कृपा करून हे करू नका. ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘लक्षणीय’ घातल्याने विचार तुमचा होत नाही. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिहा, मग पुस्तक उघडून ताडून बघा आणि संदर्भ द्या.

भाषेबद्दल थोडंच. ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘दृष्टिकोनातून’ यांनी लेखन विद्वत्तापूर्ण होत नाही. इंग्रजी लेख वाचून मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, आणि एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा. मराठी विश्वकोश विषयाची ओळख करून घ्यायला उत्तम. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर तुमच्या विषयाचे प्रबंध मोफत मिळतात. त्यातला एखादा वाचताना मजकुराइतकंच लक्ष त्याच्या बांधणीकडे द्या : प्रश्न कुठल्या पानावर येतो, पुरावा कुठून सुरू होतो.

आता तुमचा विषय. तो फार मोठा आहे, म्हणूनच प्रस्तावना संपत नाहीये. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात करून तुम्ही सगळा इतिहास सांगायला बघताय, असं दिसतंय. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. तिथे मांडलेला विषय नंतर मुख्य ग्रामसभेच्या इतिवृत्तात पोहोचतो का? एवढंच विचारा. हिंगणा किंवा कामठी तालुक्यातली दोन गावं निवडा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विद्यार्थी म्हणून रीतसर पत्र द्या, मागच्या दोन वर्षांची दोन्ही सभांची इतिवृत्तं शेजारी शेजारी ठेवून वाचा. पाण्याच्या टाकीचा विषय महिलांच्या सभेत आला आणि मुख्य सभेच्या नोंदीत दिसलाच नाही, तर तिथून तुमचा पहिला परिच्छेद सुरू होईल. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. मीही तशीच लिहिते.

दोन पानं झाली की इथेच कळवा, मी नक्की वाचेन.