छातीकडे लक्ष ठेव, भाऊ

तुझा रिपोर्ट एसएस आलाय, म्हणजे सिकलसेल, लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. आता सगळे तुला सांधेदुखीच सांगतील. मी छातीचं सांगतो.

माझ्या विशीत कंबर-पाठीच्या दुखण्यासाठी चंद्रपुरात भरती होतो. दुखतं म्हणून श्वास अर्धाच घ्यायचो. तिसऱ्या दिवशी ताप, खोकला, बरगडीत कळ. एक्स-रेत खाली पांढरा डाग. ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमुळे फुप्फुसाला होणारा गंभीर त्रास. रक्त चढवावं लागलं. आधल्या रात्री ‘गॅस असेल’ म्हणून गोळी देऊन गेले होते! म्हणून ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं, की घरी थांबायचं नाही. ‘मी सिकलसेलचा पेशंट आहे’ हे पहिलं वाक्य.

भरती असताना श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर मागून घे. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. मी दोन दिवस उलटंच करत होतो. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा, चेंडू वर धरून ठेवायचा. बरा असताना ऑक्सिमीटरवर तुझा ऑक्सिजनचा नेहमीचा आकडा बघून लिहून ठेव, नाहीतर ९३ दिसल्यावर घाबरायचं की नाही, कळणार कसं?

हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू केलं तर मनाने बंद करू नको. त्याने दुखण्याचे आणि छातीचे हे झटके कमी होतात, फक्त सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, वेळच्या वेळी कर.

हृदयाचं दुखणं गुपचूप येतं. जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजले, तर ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नको, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. त्यात टीआर जेटचा, म्हणजे हृदयाच्या उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा, वेग सेकंदाला २.५ मीटरच्या वर असेल तर फुप्फुसातल्या दाबाबद्दल डॉक्टरांना विचार. आणि इको बरा असताना कर, दुखणं चालू असताना तो आकडा फुगतो.